उत्तर ऐकण्याची तयारी

मराठी माणसाच्या तोंडी जपानी भाषा लवकर बसते, हे पुण्यातल्या जपानीच्या वर्गांत कुणालाही दिसेल. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. ‘तोक्योहून क्योतोपर्यंत जाते’ हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून जपानीत मांडता येतं: तोक्यो कारा क्योतो मादे इकिमास. आपण ‘करून बघ’ म्हणतो तेव्हा दोन क्रियापदं जशी शेजारी बसतात, तशीच ती तिकडेही बसतात. इंग्रजीच्या वाटेने जपानीकडे येणारा जिथे महिनोन्‌महिने अडकतो, तिथून आपण पहिल्या दोन महिन्यांतच पुढे गेलेलो असतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. जपानी भाषेची जी परीक्षा जगभर मानली जाते, त्या जेएलपीटीच्या पाच पातळ्या आहेत. एन-फाइव्ह सर्वांत सोपी आणि एन-वन सर्वांत अवघड. या पाचांतल्या एकाही पातळीवर बोलायची परीक्षा नाही. शब्द, व्याकरण, उताऱ्यावरचे प्रश्न आणि ध्वनिफीत ऐकून पर्याय निवडणं, एवढंच. त्यामुळे प्रमाणपत्र हातात आलं तरी त्या भाषेच्या माणसाशी एक वाक्यही बोलणं झालेलं नाही, असं सहज घडतं.

माझ्या मावशीचं तसंच आहे. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली, पुण्याला राहायला आली आणि जपानी शिकायला लागली. सहल कंपनीबरोबर एकदा ती जपानला जाऊन आली. आता आम्ही दोघी मिळून जाणार आहोत. मी आधी नागोयात राहत होते, आता चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे. मावशीचं म्हणणं असं, की परक्या मुलखात गेल्यावर तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलावंच, मोडकंतोडकं का होईना. माझं म्हणणं असं, की जो माणूस कामावर उभा आहे, तो आपल्या सरावासाठी उभा नाही. हा वाद आमच्यात बऱ्याच संध्याकाळी चालला. त्यातलं महत्त्वाचं इथे एकत्र देते.

मावशी : वर्गात बोल, असं तू म्हणतेस. अगं, वर्गात माझ्यासमोर कोण असतं? माझ्यासारख्याच शिकणाऱ्या बायका. मी चुकले तरी त्यांना कळतं, कारण माझी चूक मराठी वळणाची असते आणि त्यांचीही तशीच. तिथे मी जपानी बोलत नाही, जपानी शब्दांत मराठीच बोलते. ज्याला मराठी अजिबात येत नाही अशा माणसासमोर उभं राहिल्याशिवाय मला काय येतं आणि काय येत नाही ते कसं कळणार?

मी : माणूस हवा हे मला मान्य आहे. पण कुठला आणि कुठल्या वेळी, ते बघायला नको? कोंबिनीचंच घे. चोवीस तास उघडी असणारी ही छोटी दुकानं सगळ्या जपानात मिळून ५५ हजारांच्या वर आहेत. दुपारी बारा वाजता आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं जेवणाचा डबा घ्यायला तिथे रांग लावतात. तुझा नंबर येतो. तू घरून पाठ करून आलेलं वाक्य स्वच्छ उच्चारात म्हणतेस. काउंटरवरची मुलगी लगेच विचारते, ‘फुकुरो वा गोरियो देस का?’

मावशी : पिशवी हवी का, असं विचारतेय.

मी : हो. १ जुलै २०२० पासून तिथे प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे घेणं दुकानांना बंधनकारक झालं, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला येतो. पुस्तकात तू ‘फुकुरो गा इरिमास का’ असं शिकलीस. ती मुलगी तसं बोलत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, डबा गरम करून देऊ का. मग चॉपस्टिक्स घालू का. मग पॉइंट कार्ड आहे का. सगळं भराभर, एका सुरात आणि आदरार्थी भाषेत. तू गोंधळतेस. ती थांबते, रांग थांबते. आणि मावशी, तुझं पहिलं वाक्य नीट आलं म्हणूनच हे झालं. तू नुसती मान डोलावून वस्तू पुढे केली असतीस, तर तिने हाताने पिशवी दाखवून विचारलं असतं. तुला भाषा येते असं तिला वाटलं, म्हणून ती तिच्या नेहमीच्या वेगाने बोलली.

मावशी : मग हे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं मी शिकून जाते. मिटलं.

मिटलं नाही, पण इथे ती माझ्या मनातलंच बोलली. प्रवाशांसाठी जी संभाषणाची पुस्तकं निघतात, ती प्रश्न विचारायला शिकवतात. स्टेशन कुठे आहे, हे केवढ्याला, दुकान कधी उघडतं. प्रश्न विचारणं हा सोपा भाग आहे, कारण तो आपल्या ताब्यात असतो. उत्तर समोरच्याच्या ताब्यात असतं. जपानमध्ये तर ते आणखी एका कारणाने अवघड होतं. दुकानदार, वेटर, हॉटेलातला माणूस, हे सगळे गिऱ्हाइकाशी ज्या आदरार्थी भाषेत बोलतात, ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात फारशी येत नाही. आपण तू, तुम्ही, आपण या सर्वनामांवर बराचसा आदर निभावून नेतो. तिकडे क्रियापदच बदलतं. खाणं या क्रियेला ‘ताबेरु’ शिकलेल्या माणसाला वेटरच्या तोंडी ‘मेशिआगारु’ ऐकू येतं. जाणं, येणं आणि असणं या तिन्ही क्रिया आदराने बोलताना ‘इराश्शारु’ या एकाच क्रियापदात मावतात. म्हणून बोलण्याची उमेद असलेल्या प्रवाशाला माझं पहिलं सांगणं असतं, की आपल्याला काय म्हणायचंय त्याच्या दुप्पट वेळ आपल्याला काय ऐकावं लागेल त्याच्यावर घालवा. ध्वनिफिती ऐका, तिथल्या दुकानांत काढलेले व्हिडिओ बघा, पाच-सहा ठरलेले प्रश्न कानावर पुन्हा पुन्हा पडू द्या. त्याने समोरच्याचा वेळ वाचतो आणि आपलंही बोलणं पुढे सरकतं.

मावशीला हे पटलं. पण सरावाबद्दलचा माझा मुद्दा तिला पटला नाही. नारा इथे तिला भेटलेल्या शाळकरी मुलांचा दाखला तिने काढला.

मावशी : हरणांच्या त्या बागेत चार मुलं आणि एक मुलगी अशी टोळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिवळ्या टोप्या, हातात पॅड, पॅडला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. बाई थोड्या लांब थांबलेल्या. एक मुलगा पुढे झाला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘थोडा वेळ आहे का?’ मग कागदावर लिहिलेले प्रश्न एकेकाने एकेक विचारले. तुम्ही कुठून आलात, जपानमधलं काय आवडलं, आवडता पदार्थ कोणता. मुलीच्या वाट्याचा प्रश्न आला तेव्हा ती अडखळली. शेजारच्याने कानात सांगितलं, तेही तिने घेतलं नाही. स्वतः आठवून विचारला. शेवटी त्यांनी माझी सही घेतली आणि कागदाची घडी घालून केलेला करकोचा मला दिला. आता सांग, त्या मुलांनी माझ्यावर इंग्रजीचा सराव केला. मला ओझं झालं का? सबंध सहलीत मला जर कुणी माणूस म्हणून भेटलं असेल, तर ती मुलं.

मी : तू तेव्हा बागेत फिरत होतीस. तुला कुणी घाई करत नव्हतं.

मावशी : बरोबर. आणि त्यांनी आधी विचारलं, वेळ आहे का म्हणून. मग तूही सरावाला नको म्हणत नाहीस. न विचारता केलेल्या सरावाला नको म्हणतेस.

मी : आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्यावर केलेल्या सरावाला. काउंटरवरची मुलगी ‘आत्ता वेळ नाही’ असं गिऱ्हाइकाला म्हणू शकत नाही. तिला हसतमुखच राहावं लागतं. त्या हसण्यावरून आपण समजतो, की तिला आपलं बोलणं आवडलं. ‘निहोंगो, ओजोझु देस ने’, म्हणजे तुमचं जपानी छान आहे, असं कुणी म्हटलं, की प्रवासी खूश होतात. ते कौतुक बहुतेक वेळा मनापासूनच असतं, पण ‘कोन्निचिवा’ एवढंच म्हणणाऱ्यालाही ते मिळतं. त्यावरून पुढे बोलायची परवानगी मिळाली असं धरू नये.

२०२४ मध्ये जपानला परदेशातून ३ कोटी ६८ लाखांहून जास्त लोक गेले, तोवरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. त्यातल्या थोड्यांनी जरी कामावरच्या माणसावर आपले दोन-चार शब्द घासूनपुसून पाहायचे ठरवले, तरी क्योतोतल्या बसचालकाला किंवा आसाकुसातल्या दुकानदाराला दिवसभर तेच करावं लागेल. तिकडे राहिलेली आणि तिथल्या माणसांबरोबर काम केलेली मी, हे नजरेआड करू शकत नाही.

पण स्थानिक म्हणजे कोण, या प्रश्नावर मावशीने मला जे सांगितलं, त्याने आमच्या वादाला वेगळं वळण लागलं. तोक्योत ती उतरली होती त्या हॉटेलाखालच्या कोंबिनीतली ही गोष्ट.

मावशी : संध्याकाळची वेळ होती. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर काताकाना लिपीत आडनाव होतं. मी ते एकेक अक्षर लावून वाचलं. आडनाव नेपाळी. मला इतका आनंद झाला, की मी सरळ हिंदीत बोलायला लागले. कुठून आलीस, कधी आलीस. तिने शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि जपानीत विचारलं, पिशवी हवी का. मी जपानीत सांगितलं, नको, आहे माझ्याकडे. मग ती पुढचं सगळं जपानीतच बोलली, पण जरा सावकाश, मला कळेल असं. दुसऱ्या दिवशी मी उशिरा गेले, दुकानात कुणी नव्हतं. तेव्हा तिनेच हिंदीत विचारलं, ‘आंटी, आज क्या चाहिए?’ भाषेच्या शाळेत शिकतेय म्हणाली. विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासच काम करता येतं, तेवढं इथे करते. पोखऱ्याची होती.

जपानमध्ये आज दोन लाखांहून जास्त नेपाळी लोक राहतात. तोक्योसारख्या शहरात कोंबिनीच्या काउंटरवर नेपाळी, व्हिएतनामी मुलंमुली दिसणं नेहमीचं झालं आहे. आपण स्थानिकाशी स्थानिक भाषेत बोलायचं ठरवून जातो आणि समोर आपल्याच उपखंडातलं कुणी उभं असतं. त्या मुलीने ती भाषा चैनीखातर शिकलेली नाही. तिची फी आणि भाडं त्या भाषेवर उभं आहे. मालकासमोर, रांगेसमोर तिला जपानी बोलणारी म्हणूनच ओळखलं जायला हवं असतं. हिंदी तिलाही येते, पण ती कधी बोलायची हे तिचं तिने ठरवावं.

मी मावशीला म्हटलं, माझं सगळं म्हणणं या मुलीत आलं. पहिलं वाक्य आपण त्यांच्या भाषेत बोलावं. उत्तर ज्या भाषेत येईल, त्या भाषेत पुढे जावं. जपानीत आलं तर जपानीत. इंग्रजीत आलं तर इंग्रजीत.

मावशी : इंग्रजीत का म्हणून? मी जपानीत विचारलं आणि वेटरने इंग्रजीत उत्तर दिलं, तर मी जपानी सोडून द्यायची? त्याला वाटतं मला येत नाही. येतं हे त्याला कळायला नको?

मी : कदाचित त्याला तसं वाटतही नसेल. त्यालाही इंग्रजी बोलायचं असेल. किंवा मागचं टेबल वाट बघत असेल आणि इंग्रजीत काम लवकर होत असेल. तू हट्टाने जपानीतच राहिलीस, तर दोघं दोन भाषांत बोलत राहाल.

मावशी : आणि सगळेच असं म्हणायला लागले, तर परक्या भाषेत कधी कुणी बोललंच नसतं. तू मॅक्सिन बर्नसनबाईंचं नाव ऐकलंयस. अमेरिकेतून फलटणला आल्या, तिथल्या मराठीतल्या बोलीभेदांवर संशोधन केलं, तिथेच स्थायिक झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, मुलांसाठी शाळा उभी केली, परदेशी लोकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली. फलटणच्या माणसांनी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायचं ठरवलं असतं तर? बाजारातल्या, वाड्यावस्तीवरच्या माणसांनी त्यांच्याशी मराठीत बोलायला वेळ काढला, म्हणून हे झालं.

मी : त्या फलटणला राहायला आल्या होत्या. आपण पाहुण्या म्हणून जातोय.

मावशी : राहायला आलेल्याचाही पहिला दिवस असतोच की. त्या दिवशी तो पाहुणाच असतो. आणि पुण्यात काय होतं ते बघ. जर्मनीहून, जपानहून मुलं मराठी शिकायला येतात. मंडईत जाऊन मराठीत भाव विचारतात, आणि आपण त्यांना हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. आपल्याला वाटतं आपण त्यांची सोय करतोय. त्या मुलाने वर्षभर मेहनत केलेली असते. तो हिरमुसतो. मी तर अशा मुलाशी मुद्दाम मराठीतच बोलते, सावकाश, सोपे शब्द वापरून.

इथे मावशीचं पारडं जड आहे, असं मला मनापासून वाटतं. ज्याच्या मुलखात बोलणं चाललंय, त्याने पाहुण्याला आपल्या भाषेत सामावून घेणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मराठी माणूस त्यात कमी पडतो. आपण चटकन हिंदीवर जातो. पण ही मोकळीक यजमानाने द्यायची असते, पाहुण्याने ती हक्काने मागू नये. मंडईत मावशी त्या मुलाशी मराठीत बोलते तेव्हा वेळ तिचा असतो. क्योतोतला वेटर आपल्याशी इंग्रजीत बोलतो तेव्हा वेळ त्याचा असतो. यावर आमचं अजून एकमत नाही. ती म्हणते एकदा तरी पुन्हा जपानीत बोलून बघावं. मी म्हणते, जेवण झाल्यावर, पैसे देताना, त्याचे हात मोकळे असतील तेव्हा.

एका बाबतीत मात्र मी मावशीला सवलत द्यायला तयार नव्हते, ती म्हणजे जेवण. मावशी मासे-मटण खात नाही. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं जे पाणी सगळ्याच्या मुळाशी असतं, ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं असतं, म्हणजे वाळवून, धुरावून लाकडासारख्या कडक केलेल्या बोनिटो माशाच्या पातळ छिलक्यांचं. मिसो सूप, उदोन शेवयांचा रस्सा, सोबा शेवया बुडवायचं पाणी, शिजवलेली भाजी, सगळ्यात तेच.

मी : ‘यात मासा आहे का’ हे तुला जपानीत विचारता येतं. दुकानदार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण मासा म्हणजे माशाचा तुकडा असं त्याच्या मनात असतं. रश्श्याला कुणी मासा म्हणत नाही. तुझं वाक्य बरोबर, त्याचं उत्तर बरोबर, आणि तुझ्या वाटीत माशाचं पाणी. म्हणून जेवणाच्या बाबतीत सराव करायचा नाही. मी जपानीत चिठ्ठी लिहून देते : मांस, मासे, कात्सुओबुशी आणि वाळवलेल्या छोट्या माशांची दाशी चालत नाही, कोंबूची आणि शिताके अळंबीची चालते. ती दाखवायची. औषधाच्या दुकानातही तसंच. पोलिसांना ११०, रुग्णवाहिकेला ११९, हे नंबर फोनमध्ये. तिथे भाषांतराचं ॲप उघडायला लाजायचं नाही.

मावशी : चिठ्ठी दाखवून गप्प बसायचं?

मी : नाही. चिठ्ठी दाखवून झाल्यावर बोल ना. नागोयात माझ्या घराच्या गल्लीत उदोनचं एक छोटं दुकान होतं. दुपारी तीनच्या सुमाराला मी गेले, आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. दुकानातल्या आजींनी माझी अशीच चिठ्ठी वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली, आत गेल्या. येताना हातात वीतभर लांबीचा काळपट हिरवा पट्टा होता, वाळलेला, वरून पांढरी भुकटी पसरलेली. कोंबू, समुद्रातली वनस्पती. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, याचं पाणी करते, थोडा वेळ लागेल, चालेल ना? मी म्हटलं, वेळ आहे. मग पाणी गरम होईपर्यंत त्या बोलत राहिल्या. होक्काइदोचा कोंबू कसा ओळखायचा, ती पांढरी पूड धुवून का टाकायची नाही, नुसत्या ओल्या फडक्याने कशी पुसायची. मला निम्मं कळलं.

मावशी : निम्मं कळलं आणि तरी त्या बोलत राहिल्या.

मी : हो.

मावशी : मग हेच तर मी म्हणतेय.

या वेळी कुठे जायचं ते आम्ही ठरवत होतो, तेव्हा मी तिला यानागावाबद्दल सांगितलं. क्यूशू बेटावर फुकुओका प्रांतात हे गाव आहे. गावभर कालवे, आणि त्यांतून लांब बांबूने ढकलत नेल्या जाणाऱ्या नावा. २०१६ पासून या गावाने ‘सोप्या जपानी’चं पर्यटन सुरू केलं. तैवानमधून तिथे येणाऱ्या कितीतरी पर्यटकांना थोडं थोडं जपानी येतं आणि ते बोलायची त्यांना हौस असते, हे ध्यानात घेऊन बिल्ले तयार केले. माझ्याशी सोप्या जपानीत बोला, असं सांगणारा बिल्ला पाहुण्याने लावायचा. गावातल्या माणसांनी लांबलचक आदरार्थी वाक्यं सोडून छोटी, सरळ वाक्यं बोलायची.

सोपी जपानी ही कल्पना पर्यटनातून आलेली नाही. १९९५ मध्ये कोबे परिसरात मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथे राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना जपानी सूचना कळल्या नाहीत आणि इंग्रजीही कळली नाही. त्यातून भाषेच्या अभ्यासकांनी विचार सुरू केला, की थोडं जपानी येणाऱ्या माणसाला कळेल अशी जपानी सूचनांत का वापरू नये. २०२० मध्ये जपान सरकारने याबाबत मार्गदर्शिका काढली. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर मुलांनाही वाचता येईल अशा हिरागाना लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून आलं : त्सुनामी! निगेते! पळा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे वाचता येतं. भूकंपाच्या देशात चार शब्द येणं किती कामाचं आहे, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको.

मावशी : मग बिल्ला लावूनच फिरते मी. सगळीकडे.

मी : यानागावात लाव. ते गाव त्यासाठी तयार आहे. पण ते ईल माशाचं गाव आहे, वाफवलेल्या ईलसाठी लोक मुद्दाम तिथे जातात. चिठ्ठी बरोबर ठेव. बाकी ठिकाणी बोलायचं असेल, तर कोयासानला मठात राहू. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे, तुला तो बघायचाच आहे. मठातलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी, तिथे चिठ्ठीचीही गरज नाही. आणि नागोयात सकाळी किस्सातेनमध्ये जाऊ.

किस्सातेन म्हणजे जुन्या वळणाची कॉफीची दुकानं. नागोयात सकाळी कॉफी मागवली, की त्याच पैशांत टोस्ट आणि उकडलेलं अंडं मिळतं. नेहमीचे लोक, बरेचसे साठी-सत्तरीचे, वर्तमानपत्र उघडून निवांत बसलेले असतात. ओगुरा टोस्ट मागवला तर जाड पावावर लोणी आणि त्यावर पुरणासारखं शिजवलेलं गोड लाल अझुकी. रेल्वेत अनोळखी माणसाशी बोलायची तिकडे फारशी रीत नाही, मुंबईच्या लोकलसारख्या गप्पा तिथे होत नाहीत. किस्सातेनमध्ये होतात. मालक काउंटरमागे कप पुसत असतो आणि तुम्ही परत परत गेलात, तर तोच आधी विचारतो.

मावशी : चालेल. पण तू माझ्या टेबलावर बसायचं नाहीस.

मी : का?

मावशी : तू बरोबर असलीस, की ते तुझ्याशीच बोलणार. मी विचारते, उत्तर तुला. गेल्या सहलीतही हेच झालं. मी प्रश्न विचारायचे आणि समोरची बाई आमच्या मार्गदर्शकाकडे बघून उत्तर द्यायची. माझी वाक्यं मी बोलायची आणि ऐकायचं त्याने.

दुभाष्याच्या कामात हे मी रोज बघते आणि त्याचा असा विचार कधी केला नव्हता. समोर ज्याला भाषा चांगली येते, त्याच्याकडेच माणूस वळतो. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो, तो सोपा रस्ता असतो. पण शिकणारा मात्र त्याच्याच प्रश्नाच्या उत्तराबाहेर राहतो.

मी : आणि अडलं तर?

मावशी : अडू दे. दोनदा विचारेन. कळलं नाही तर कळलं नाही असं सांगेन, ते मला येतं. तू खिडकीपाशी बस आणि वर्तमानपत्र वाच.

मी कबूल केलं. अट एकच घातली, की दाशीची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये राहील, माझ्या नाही. मग तिने मला काउंटरमागची बाई व्हायला सांगितलं, आणि बजावलं, की मी हळू बोलायचं नाही.